टपालखर्च कोणी द्यायचा?

१६५० च्या आसपासची गोष्ट. इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरशायर परगण्यातल्या एका खेड्याचा पाद्री विल्यम म्यू याने मधमाश्यांसाठी काचेच्या खिडक्या असलेली पेटी केली. त्या काळी मध काढायचा म्हणजे बहुतेक ठिकाणी गंधकाची धुरी देऊन माश्या मारून टाकायच्या. पोळं न फोडता आत काय चाललंय ते बघता आलं तर बरं, एवढाच या गृहस्थाचा विचार. ऑक्सफर्डच्या वॉडम कॉलेजचा प्रमुख जॉन विल्किन्स याने ती कल्पना उचलली आणि कॉलेजच्या बागेत तशा पेट्या बसवल्या. ख्रिस्तोफर रेन नावाच्या विशीतल्या पोराने एका तीन मजली पेटीचा आराखडा काढला. तो आराखडा लंडनला एका माणसाकडे गेला आणि १६५५ साली मधमाशीपालनाच्या एका पुस्तकात छापून आला.

रेनला पुढे जगाने सेंट पॉल कॅथीड्रलचा वास्तुविशारद म्हणून ओळखलं. विल्किन्स रॉयल सोसायटी या विज्ञानसंस्थेच्या संस्थापकांपैकी एक. ज्याच्या हाती आराखडा पडला आणि ज्याने तो छापला, त्या सॅम्युएल हार्टलिबचं नाव मात्र आपल्याकडे कुठल्याही पाठ्यपुस्तकात सापडायचं नाही. इंग्लंडमध्येही ते अभ्यासकांपुरतंच उरलं आहे.

शाळेत आपण विज्ञानाचा इतिहास शिकतो तो एकेकट्या माणसांचा. कोपर्निकसने पृथ्वी फिरवली, गॅलिलिओने दुर्बीण रोखली, न्यूटनच्या पुढ्यात सफरचंद पडलं. हे खोटं नाही, पण यात मधली माणसंच गायब आहेत. एकाच्या डोक्यातलं दुसऱ्याच्या हातात नेऊन ठेवणं हेच ज्यांनी आयुष्याचं काम मानलं, त्यांच्याशिवाय सतराव्या शतकातल्या युरोपात विज्ञान नावाची सार्वजनिक गोष्ट उभीच राहिली नसती. आणि हे काम नेहमीच कुणाच्या तरी खिशातून झालेलं आहे. तो खिसा कुणाचा असावा, हा प्रश्न तेव्हाही टाळला गेला, आजही टाळला जातो.

हार्टलिब बाल्टिक किनाऱ्यावरच्या एल्बिंग या बंदरगावातला. आज ते पोलंडमध्ये आहे. बाप व्यापारी, आजोळ इंग्रज. तीस वर्षांच्या युद्धाने मध्य युरोप पेटलेला असताना, १६२८ च्या सुमारास तो इंग्लंडात आला आणि तिथलाच झाला. चिचेस्टरला शाळा काढून बघितली, ती चालली नाही. मग लंडनमध्ये घर केलं आणि पत्रं लिहायला बसला. पुढची तीसेक वर्षं तो पत्रंच लिहीत होता.

पत्रं म्हणजे ख्यालीखुशालीची नव्हेत. कुणी खतासाठी नवी युक्ती केली, कुणी बियाणं पेरायचं यंत्र जुळवलं, कुणाला लॅटिन शिकवायची सोपी पद्धत सापडली, कुणाकडे मूतखड्यावर औषध आहे. हार्टलिब ते टिपून ठेवी. 'एफेमेरिडीस' नावाच्या त्याच्या रोजनिशीत १६३४ पासून अशा नोंदी आहेत. अमक्याने तमक्याबद्दल असं सांगितलं, याच्याकडे ते पुस्तक आहे, त्याला या विषयात गती आहे. आलेलं पत्र तो लेखनिकांकडून उतरवून घेई आणि ज्याला उपयोग होईल त्याला त्याची नक्कल धाडी. मूतखड्याचा त्रास त्याला स्वतःलाच होता, त्यामुळे त्या औषधांच्या नोंदींत जिज्ञासा किती आणि कळवळ किती, सांगता येत नाही.

घरही तसंच. त्याचा जावई फ्रेडरिक क्लोडियस रसायनं करणारा. १६५४ मध्ये हार्टलिबने रॉबर्ट बॉइलला कळवलं की आमचं मागचं स्वयंपाकघर आता राहिलं नाही, जावयाने तिथे झकास प्रयोगशाळा थाटली आहे. पत्रात तक्रारीपेक्षा कौतुकच जास्त. घरातल्या बायकांना काय वाटलं, ते मात्र त्या पत्रात नाही.

हे सगळं कशाच्या विरुद्ध चाललं होतं ते लक्षात घेतल्याशिवाय त्याची किंमत कळत नाही. त्या काळी विद्या म्हणजे मालमत्ता. आपल्याकडे गावोगाव काविळीचं औषध देणारी घराणी असतात. औषध कुठलं ते सांगत नाहीत. सांगितलं की गुण जातो म्हणतात. युरोपातही गुण असाच जायचा. बोलोन्याच्या सिपिओने देल फेर्रोला घन समीकरण सोडवायची रीत सापडली होती. त्याने ती १५२६ मध्ये मरेपर्यंत छापली नाही, कारण तेव्हा गणितज्ञांची नोकरी जाहीर आव्हानांतल्या हारजितीवर टिकायची आणि गुपित हेच शस्त्र. पुढे तार्ताल्याने ती स्वतः शोधली, १५३९ मध्ये शपथ घालून कार्दानोला सांगितली, आणि १५४५ मध्ये कार्दानोने छापली तेव्हा केवढा तरी कज्जा झाला. शपथ मोडली हे खरं. पण छापलं म्हणून ती रीत जगाची झाली, हेही तितकंच खरं.

गणितातल्या गुपिताने फारसं कुणी मरत नाही. चेंबरलेन घराण्याच्या गुपिताचं तसं नव्हतं. फ्रान्समधून इंग्लंडात आलेलं हे सुइणपणाचा धंदा करणाऱ्या डॉक्टरांचं घराणं. अडलेलं मूल बाहेर काढायचा चिमटा, म्हणजे फोर्सेप्स, यांच्याकडे होता आणि शंभराहून जास्त वर्षं फक्त यांच्याकडेच होता. म्हणतात की तो मोठ्या कोरीव पेटीतून बाळंतिणीच्या खोलीत यायचा आणि बाळंतिणीच्या डोळ्यांवर पट्टी बांधायचे, कुणाला दिसू नये म्हणून. १८१३ मध्ये इसेक्समधल्या वुडम मॉर्टिमर हॉल या त्यांच्या जुन्या घरात जमिनीच्या फळ्यांखाली ती हत्यारं सापडली. त्या शंभर वर्षांत एकट्या लंडनमध्ये किती बाया अडून मेल्या असतील त्याचा हिशोब कुणी ठेवलेला नाही. आणि गंमत अशी की याच घराण्यातला पीटर चेंबरलेन हार्टलिबच्या पत्रव्यवहाराच्या परिघात होता, सार्वजनिक हिताच्या योजनाही मांडायचा. चिमट्याबद्दल तेवढं बोलला नाही.

१६५५ मध्येच हार्टलिबने वैद्यकी आणि रसायनविद्येवरचं एक संकलन छापलं. त्यात एक निनावी निबंध होता, कुणा फिलॅरेटसने कुणा एम्पिरिकसला लिहिलेल्या पत्राच्या रूपात. मागणं एकच: ज्यांच्याकडे औषधांच्या गुप्त कृती आहेत त्यांनी त्या मोकळ्या मनाने सगळ्यांना सांगाव्यात. हा बॉइलचा छापून आलेला पहिला लेख. ज्याला आपण रसायनशास्त्राच्या जनकांत बसवतो, त्याची छापील सुरुवात झाली ती 'गुपितं सोडा' या विनवणीने, आणि तीही या टपाल्याच्या पुस्तकात. हाच बॉइल किमयेच्या बाबतीत मात्र आयुष्यभर हातचं राखून आणि सांकेतिक भाषेत लिहीत राहिला. सोन्याचं नाव निघालं की भल्याभल्यांचं मन आखडतं.

इथे आपल्याकडच्या पुरोगामी वाचकाला जरा अडचणीची वाटेल अशी बाब सांगायला हवी. ही माणसं धर्म बाजूला ठेवून विज्ञानाकडे वळलेली नव्हती. हार्टलिब, त्याचा मित्र पाद्री जॉन ड्युरी, मोराव्हियातून परागंदा झालेला बिशप कोमेनियस, तिघेही मनापासून मानत होते की जगाचा शेवट जवळ आला आहे आणि त्याआधी ज्ञान वाढणार असं बायबलातल्या दानिएलच्या पुस्तकात लिहून ठेवलं आहे. इंग्रज तत्त्वज्ञ फ्रान्सिस बेकनने १६२० च्या आपल्या ग्रंथाच्या मुखपृष्ठावर जहाजाच्या चित्राखाली तेच वचन घातलं होतं: पुष्कळ लोक इकडून तिकडे जातील आणि ज्ञान वाढेल. ज्ञान दडवणं हे त्यांच्या लेखी पाप होतं. आपण 'वैज्ञानिक दृष्टिकोन' म्हणताना श्रद्धेशी जी सरळसोट कुस्ती कल्पितो, ती या लोकांना कळलीही नसती. मला ते सोयीचं वाटत नाही, पण आहे ते आहे.

कोमेनियसला हार्टलिबने १६४१ मध्ये लंडनला बोलावून आणलं. सगळ्या विद्यांचं एक महाविद्यालय काढायचं, त्याला संसद जागा आणि पैसा देणार, अशी बोलणी होती. कोमेनियस सप्टेंबरात पोचला. ऑक्टोबरात आयर्लंडमध्ये बंड झालं, पुढच्या वर्षी राजा आणि संसद यांच्यात युद्ध जुंपलं. महाविद्यालय कागदावर राहिलं आणि कोमेनियस निघून गेला.

मग हार्टलिबने १६४७ मध्ये दुसरी मागणी पुढे केली. तिचं नाव 'ऑफिस ऑफ ॲड्रेस', म्हणजे एक सरकारी पत्ता-कचेरी. कल्पना पॅरिसच्या रेनोदोची. त्या डॉक्टरने तिथे असं कार्यालय चालवलं होतं, जिथे नोकरी शोधणारा आणि नोकर शोधणारा दोघेही जात, आणि दर सोमवारी कुठल्याही विषयावर फ्रेंचमध्ये सभा भरे. धर्मशास्त्र आणि राजकारण एवढं सोडून. हार्टलिबला याच्या पुढचं हवं होतं. कचेरीच्या एका भागात गरिबांना काम, घर, औषध यांची माहिती. दुसऱ्यात देशोदेशीच्या विद्वानांशी पत्रव्यवहार, शोधांची नोंद, कोण काय जाणतो याची वही. म्हणजे तो घरात करत होता तेच, पण सरकारी खर्चाने आणि सगळ्यांसाठी उघडं. ही कचेरी कधीच झाली नाही.

झालं ते एवढंच की संसदेने त्याला वार्षिक मानधन मंजूर केलं. ते कागदावर होतं. हातात पडायचं ते अधूनमधून. १६६० मध्ये राजा परत आला तेव्हा शेकडो पौंड थकलेले होते आणि नव्या राजवटीला, राजाला हटवून सत्तेवर आलेल्या क्रॉमवेलच्या काळातल्या माणसाचं देणं द्यायची काही घाई नव्हती. त्याच वर्षी २८ नोव्हेंबरला ग्रेशम कॉलेजात रेनचं व्याख्यान संपल्यावर बारा जण बसले आणि पुढे जिला रॉयल सोसायटी नाव पडलं ती संस्था ठरली. प्रवेशाला दहा शिलिंग, मग आठवड्याला एक शिलिंग. त्या बारांपैकी अनेक जण हार्टलिबच्या पत्रांवर वाढलेले. यादीत त्याचं नाव नाही. १६६२ च्या मार्चमध्ये तो गरिबीत वारला.

त्याच्या जागी आला हेन्री ओल्डेनबर्ग, ब्रेमेनचा, सोसायटीचा सचिव. १६६५ मध्ये त्याने 'फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स' हे नियतकालिक स्वतःच्या जोखमीवर काढलं. जगभरची शोधपत्रिका ज्या वळणावर चालते ते वळण तिथलं. सचिवपदाला सुरुवातीला पगार नव्हता. परदेशी पत्रांचा टपालखर्च तेव्हा घेणाऱ्याने भरायचा, आणि ओल्डेनबर्गला युरोपभरातून पत्रं यायची. त्याने एक तोड काढली. लोकांनी पत्रावर पत्ता घालायचा 'मुस्यू ग्रुबेंडोल, लंडन'. ग्रुबेंडोल म्हणजे ओल्डेनबर्गचीच अक्षरं उलटसुलट केलेली. ही पत्रं सरकारी सचिवाच्या कचेरीत जायची, सरकार टपाल भरायचं, आणि मोबदल्यात ओल्डेनबर्गने त्यातल्या परदेशी राजकीय बातम्या सरकारला द्यायच्या. तत्त्वज्ञ स्पिनोझा भिंगं घासताना काय म्हणतो आणि डच आरमार कुठे आहे, दोन्ही एकाच टेबलावर. १६६७ मध्ये डचांशी युद्ध चालू असताना याच माणसाला संशयावरून दोनेक महिने टॉवर ऑफ लंडनमध्ये कोंडलं.

म्हणून 'सरकारने पैसा द्यावा' असं मी बिनदिक्कत म्हणणार नाही. जो टपाल भरतो तो पत्र वाचतो. पण कुणीच भरलं नाही तर काय होतं तेही आपण बघितलं आहे: चिमटा फळीखाली जातो. वैद्याने, कारागिराने, सुइणीने गुपित का सोडावं, त्यांचं पोट त्यावर आहे, हा आक्षेप खरा आहे आणि बॉइलसारख्या जमीनदाराच्या मुलाला 'मोकळ्या मनाने सांगा' म्हणणं सोपं होतं. म्हणूनच मधल्या माणसाला आणि सांगणाऱ्याला, दोघांनाही मोबदला हवा.

याहून मोठा आक्षेप आहे तो वेगळा. मोकळं झालेलं ज्ञान कुणाच्या हाती जातं? हार्टलिबने १६५२ मध्ये आयर्लंडच्या निसर्गाची माहिती देणारं पुस्तक काढलं आणि क्रॉमवेलला अर्पण केलं. जमीन, बंदरं, दलदली, खाणी, सगळं सुरेख. ते आयर्लंडच्या शेतकऱ्यांसाठी नव्हतं, त्यांच्या जमिनी घेऊन तिथे बसणाऱ्यांसाठी होतं. हार्टलिबला उद्देशून शिक्षणसुधारणेचा आराखडा लिहिणारा तरुण विल्यम पेटी पुढे आयर्लंडला गेला आणि १६५५-५६ मध्ये त्याने जप्त जमिनींची मोजणी केली. मोजणी उत्तम होती. त्यातून त्याला स्वतःला केरी परगण्यात अफाट जमीन मिळाली. पत्रव्यवहार सगळ्यांच्या हिताचा होता, फक्त या 'सगळ्यांत' आयरिश माणूस धरलेला नव्हता.

आज आपला देश या प्रश्नावर मोठी रक्कम खर्च करतो आहे. २०२४ च्या नोव्हेंबरात केंद्राने 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजना मंजूर केली: तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, सुमारे ३० प्रकाशक, १३,००० च्या आसपास नियतकालिकं, ६,३०० संस्था. जिल्ह्याच्या गावातल्या सरकारी महाविद्यालयातल्या प्राध्यापिकेला काल बंद असलेला शोधनिबंध आज उघडता येतो, ही चांगलीच गोष्ट आहे. पण ही रक्कम फाटक उघडायची आहे. फाटकातून आत जाऊन, तेरा हजारांतलं कुठलं कुणाच्या कामाचं ते हुडकून, डाळिंबावरच्या तेल्या रोगाचं डाळिंबवाल्याला आणि पाणी मुरण्याचं विहीरवाल्याला त्याच्या भाषेत पोचवणाऱ्या माणसासाठी त्यात काही नाही. इंटरनेट आहे, आता हार्टलिब कशाला, असं म्हणणाऱ्यांनी ती रोजनिशी आठवावी. त्याची करामत कागद पाठवण्यात नव्हती, कुणाला कुठला कागद लागेल हे ओळखण्यात होती.

आणि कुणाला लागेल हे ओळखायचं तर कुणाकडून आलं तेही लक्षात ठेवावं लागतं. १६७८ पासून १६९३ पर्यंत ॲमस्टरडॅममध्ये 'हॉर्टस मलबारिकस' हा बारा खंडांचा वनस्पतिग्रंथ छापला गेला. कोचीनचा डच अधिकारी व्हान ऱ्हीड याने तो करवून घेतला. माहिती देणाऱ्यांत इट्टी अच्युतन नावाचे मल्याळी वैद्य होते. त्यांच्या घराण्याची पिढीजात वनौषधींची पोथी होती, त्यातलं त्यांनी सांगितलं. शिवाय कोचीनमधले तीन कोकणी वैद्य होते: रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट. पहिल्या खंडात या तिघांचं प्रमाणपत्र आहे, कोकणीत आणि नागरी लिपीत, आपण दिलेली माहिती खरी आहे अशा ग्वाहीचं. युरोपात छापलेल्या ग्रंथात इतक्या लवकर नागरी अक्षरं फार थोड्या ठिकाणी दिसतात.

गुपित सुटलं आणि सांगणाऱ्यांची नावंही छापली गेली, त्या काळाच्या मानाने हे कौतुकाचंच. पुढे स्वीडनच्या वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने वनस्पतींची नावं ठरवताना हा ग्रंथ वापरला. पण ग्रंथ लॅटिनमध्ये. ज्या मलबारात झाडं होती, वैद्य होते, तिथे तो कुणाला वाचता येईना. अच्युतनांची पोथी कालौघात नाहीशी झाली. केरळचे वनस्पतिशास्त्रज्ञ के. एस. मणिलाल लॅटिन शिकले, त्या झाडांचा माग काढत कित्येक दशकं मलबारभर हिंडले, आणि २००३ मध्ये इंग्रजी अनुवाद आला, त्यानंतर मल्याळम. पहिल्या खंडापासून मोजलं तर सव्वातीनशे वर्षांनी पत्र परत पत्त्यावर आलं.

हार्टलिबचे कागद त्याच्या मृत्यूनंतर एका सरदाराने विकत घेतले, मग ते कुठे गेले ते कुणाला कळलं नाही. १९३३ मध्ये लंडनच्या एका वकिलाच्या कचेरीत पेट्या सापडल्या. आता ते शेफील्ड विद्यापीठात आहेत, पंचवीसेक हजार पानं, आणि कुणालाही बघता येतात. पानांवर लेखनिकांची वेगवेगळी अक्षरं आहेत. बहुतेकांची नावं माहीत नाहीत.